आधी वजन, मग औषध : खरूज झालेली गिनिपिग मादी आणि तिची पिल्लं

व्यालेली गिनिपिग मादी सतत खाजवत असेल तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या वजनापाशीच येऊन थांबते. या जनावरांत खरजेपेक्षा घाईघाईने, अंदाजाने दिलेलं औषध जास्त जीव घेतं आणि पिल्लं अंगावर पीत असताना तर एका चुकीत सगळं बिऱ्हाडच जातं.

बुऱ्हाणपुरासारख्या गावात गिनिपिग येतो तो मुलांच्या हट्टापायी आणि बहुधा मोठ्या शहरातल्या दुकानातून. तिथे एकाच पिंजऱ्यात नर-माद्या दाटीने ठेवलेल्या असतात. त्यामुळे विकत आणलेली मादी आधीच गाभण असणं आणि तिच्या कातडीत खरजेचे किडे आधीच असणं, या दोन्ही गोष्टी नेहमीच्याच. गाभणकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा. म्हणजे आणल्यावर दोन-अडीच महिन्यांच्या आत कधीही घरात दोन ते चार पिल्लं दिसू शकतात. ती जन्मतःच अंगभर केस असलेली, उघड्या डोळ्यांची, पळणारी असतात. त्यांच्याकडे बघून सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि आईच्या खाजेकडे लक्ष जायला आठवडा जातो.

खरूज करणाऱ्या किड्याचं शास्त्रीय नाव ट्रिक्साकॅरस कॅव्हिए. आठ पायांचा हा माइट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीत बोगदे करून राहतो आणि अंड्यापासून अंड्यापर्यंतचं त्याचं चक्र दोन आठवड्यांच्या आत पूर्ण होतं. कित्येक जनावरांत तो काही त्रास न देता पडून असतो. गाभणपण, बाळंतपण, ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता, उकाडा, प्रवास, दाटी यांनी जनावराची ताकद उतरली की तो उसळी घेतो. म्हणून कालपर्यंत ठणठणीत असलेली मादी नेमकी पिल्लं झाल्यावर खाजवायला लागते, आणि पिल्लं रात्रंदिवस तिच्या पोटाशी असल्याने त्यांनाही तो सहज मिळतो.

लक्षणं नीट बघा. खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला केस विरळ होतात. कातडी जाड, पिवळसर, खपल्या धरलेली दिसते, सालपटं सुटतात. जनावर मान वळवून स्वतःची कूस चावतं, मागच्या पायाने इतकं ओरबाडतं की रक्त येतं. नुसता हात लावला तरी पाय झाडायला लागतं. खाज फार वाढली की झटके येतात. मादी गोल फिरते, एका कुशीवर पडते, पाय ताठ होतात. बघणाऱ्याला तिला फेफरं आल्यासारखं वाटतं. अशा वेळी तिला उचलू नका, तोंडात पाणी घालू नका. पिल्लं हलकेच बाजूला घ्या, खोलीत अंधार करा, आवाज बंद करा आणि झटका ओसरू द्या. त्यानंतर मात्र डॉक्टरांकडे जाण्यात दिवस घालवायचा नाही. झटके आले म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं आहे.

प्रत्येक केसगळती खरजेची नसते. पिल्लं व्हायच्या सुमारास आणि दूध पाजताना अनेक माद्यांचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात. कातडी मात्र स्वच्छ असते आणि खाज नसते. हे शरीरातल्या बदलांमुळे होतं, पिल्लं तुटली की केस परत येतात, औषध लागत नाही. नाकाभोवती, डोळ्यांच्या कडेला, कानांवर गोल-गोल खपल्या दिसल्या तर नायट्याची शंका घ्यावी. ती बुरशी आहे, तिचं औषध वेगळं, आणि ती माणसांनाही लागते. केसांच्या मुळाशी बारीक हलणारे फिक्कट किडे दिसले तर त्या उवा. पाठीच्या केसांना चिकटलेले धुळीसारखे ठिपके हे दुसऱ्या जातीच्या माइटचे असतात. तो केसांवरच राहतो आणि तुलनेने कमी त्रास देतो. वर्णन वाचून निदान करू नका, पण डॉक्टरांना काय काय दिसलं ते नीट सांगता यावं म्हणून हे लक्षात ठेवा. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, केसांवर सेलोटेप दाबून नमुना घेतात. किडे खोल असल्यामुळे खरवडीत कधीकधी सापडत नाहीत. लक्षणं स्पष्ट असतील तर अनुभवी डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत, उपचार सुरू करतात.

आता वजन. ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल काटा हवा, मिठाईच्या किंवा किराणा दुकानात असतो तसला. काट्यावर उभट प्लास्टिकचा डबा ठेवा, तळाला जुना टॉवेल घाला, आकडा शून्यावर आणा. आईला आत ठेवताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. ती पाय झाडेल आणि आकडा वर-खाली नाचेल, म्हणून कोथिंबिरीच्या दोन काड्या आत टाका. ती खायला लागली की आकडा स्थिर होतो. मग प्रत्येक पिल्लू वेगळं. पिल्लं एकसारखी दिसत असतील तर कानाचा रंग, पाठीवरचा पट्टा अशी खूण वहीत लिहा. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, हे करायचं. जन्मतः पिल्लू साधारण 60 ते 100 ग्रॅमचं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत जरा उतरतं आणि मग रोज काही ग्रॅम वाढत राहतं. दोन दिवस लागोपाठ वजन वाढलं नाही तर आईचं दूध पुरत नाही किंवा खाजेमुळे ती पाजू देत नाही असं समजा. मादीला स्तनाग्रं दोनच असतात. चार पिल्लांची पाळी लागायला तिला शांत बसता आलं पाहिजे, आणि खाजणारी आई शांत बसत नाही. खरूज पिल्लांपर्यंत पोचायच्या आधीच त्यांची उपासमार सुरू होते ती अशी.

खरजेवर सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. गिनिपिगमध्ये पशुवैद्यक ते साधारण किलोला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम या हिशेबाने, सात ते चौदा दिवसांच्या अंतराने, दोन-तीन वेळा देतात. अंड्यांवर औषधाचा उपयोग होत नाही. अंडी फुटून बाहेर आलेली नवी पिढी पुढच्या डोसात मरते. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर खाज थांबली की ‘बरं झालं’ म्हणून सोडून देणं ही नेहमी होणारी चूक आहे.

आपल्याकडे हे औषध गुरा-बकऱ्यांसाठीच्या बाटलीत सहज मिळतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. त्या बाटलीत एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं. 900 ग्रॅमच्या मादीला किलोला 0.3 मिलिग्रॅम धरलं तर लागतं 0.27 मिलिग्रॅम, म्हणजे त्या बाटलीतलं 0.027 मिलिलिटर. 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर एक रेघ 0.025 मिलिलिटरची असते. मोठ्या मादीचा पूर्ण डोस म्हणजे जेमतेम एक रेघ! 100 ग्रॅमच्या पिल्लाला लागेल त्या रेघेचा आठवा भाग, जो कुणालाही, कुठल्याही सिरिंजने मोजता येणार नाही. कुणी ‘बकरीला देतो त्याच्या निम्मं’ म्हणून 0.2 मिलिलिटर पिल्लाला टोचलं तर ते योग्य मात्रेच्या साठपटीहून जास्त होतं. पिल्लू सुस्त पडतं, लाळ गाळतं, पाय लटपटतात, अंग थरथरतं आणि मग काही करता येत नाही. शिवाय गुरांच्या काही बाटल्यांत यकृतातल्या कृमींसाठीचं दुसरं औषधही मिसळलेलं असतं. म्हणून औषध पातळ करून द्यावं लागतं, आणि तेही पाण्यात नाही, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही. डॉक्टर त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव वापरतात. हे घरी करायचं काम नाही. गोठ्यावर येणारा ओळखीचा माणूस कितीही चांगला असला, शंभर म्हशींना त्याने टोचलेलं असलं, तरी 100 ग्रॅमच्या पिल्लाला त्याच्याकडून टोचून घेऊ नका.

दूध पाजणाऱ्या मादीत आणखी एक गुंता आहे. आयव्हरमेक्टिन दुधात उतरतं, त्यामुळे आईला दिलेलं थोडंफार पिल्लांच्या पोटात जातं. उंदरांच्या कोवळ्या पिल्लांवरच्या प्रयोगांत या औषधाचा मेंदूवर मोठ्यांपेक्षा जास्त परिणाम झालेला आढळला आहे. गिनिपिगची पिल्लं उंदरांपेक्षा कितीतरी पक्की होऊन जन्मतात, तरी सावध राहिलेलं बरं. याचा अर्थ आईचे उपचार पिल्लं तुटेपर्यंत लांबवायचे असा मुळीच नाही. झटके येईपर्यंत खाजणारी, खाणं सोडलेली आई पिल्लांना औषधाच्या अंशापेक्षा जास्त घातक. पहिल्यांदा आईला अचूक मात्रा द्यायची. पिल्लं खाजवत नसतील, वजन वाढत असेल, तर कित्येक डॉक्टर ती जरा मोठी होईपर्यंत त्यांच्यावर नुसती नजर ठेवतात. पिल्लांच्याही अंगावर खपल्या आल्या तर त्यांना वजनानुसार पातळ केलेलं औषध देतात. दुसरा पर्याय मानेच्या मागच्या कातडीवर टाकायच्या सेलामेक्टिनच्या थेंबांचा. कुत्र्या-मांजरांच्या दूध पाजणाऱ्या माद्यांमध्ये तो सुरक्षित मानला जातो आणि गिनिपिगमध्येही पशुवैद्यक तो वापरतात, अर्थात मात्रा पुन्हा वजनावरच. पाजणाऱ्या मादीसाठी डॉक्टरांशी आधी या पर्यायाविषयी बोलावं, असं माझं मत आहे. टोचण्याचा ताण वाचतो. थेंब टाकल्यावर ते सुकेपर्यंत तास-दोन तास पिल्लांना जाळीच्या पलीकडे ठेवा, म्हणजे ती चाटणार नाहीत. त्याहून जास्त वेळ तोडू नका.

काय करू नये हे इथे जरा आवाज चढवूनच सांगावं लागेल, कारण घरगुती उपायांचा आपल्याला फार भरवसा. कडुनिंबाचं तेल, करंजेल, कापूर घातलेलं खोबरेल, गंधकाची मलमं, रॉकेल यांतलं काहीही पाजणाऱ्या मादीच्या अंगाला लावू नका. तिच्या पोटाला तोंड लावून पिल्लं दूध पितात, अंगाला लावलेलं सगळं त्यांच्या तोंडात जातं, आणि कापूर तर सरळ विष आहे. कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर, गोचिडांसाठी गुरांना फवारतात ती औषधं, फिप्रोनिलचे थेंब हेही नको. पिल्लांना आंघोळ घालू नका, भर मे महिन्यातसुद्धा, कारण ओली पिल्लं गारठतात. खाजवून झालेल्या जखमा पिकल्या तर घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी चूर करून देण्याचा मोह होतो. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांनी गिनिपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि जनावर काही दिवसांत दगावतं. डॉक्टर नवखे असतील तर हे त्यांना आदबीने, पण आठवणीने विचारा. खाज थांबवायला स्टेरॉइडचं इंजेक्शनही घेऊ नका. त्याने खाज दोन दिवस दबते आणि किडे बळावतात.

घरी करण्यासारखंही बरंच आहे. मागच्या पायांची नखं टोकापुरती कापा, म्हणजे जखमा कमी होतील. आईचं खाणं बंद पडू देऊ नका. या जनावराचं पोट बारा तास रिकामं राहिलं तरी आतडी मंदावतात. व्यायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा आठवडा उपाशी राहिलेली मादी चयापचय बिघडून अचानक मरू शकते. वाळलेलं गवत चोवीस तास समोर असावं. एरवी मोठ्या जनावरांना लसूणघास कमीच द्यावा, त्यात कॅल्शियम फार. पण पाजणाऱ्या आईला आणि पिल्लांना तो चांगला. स्वच्छ जागेची दूर्वा द्या. केळीच्या बागांच्या कडेची पानं आणि गवत नको, केळीवर काय फवारलं असेल सांगता येत नाही.

‘क’ जीवनसत्त्व हे खरजेच्या उपचाराचाच भाग समजा. माणसासारखंच गिनिपिगचं शरीर ते तयार करू शकत नाही. 1907 साली होल्स्ट आणि फ्रॉलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी स्कर्व्हीचा अभ्यास केला तो याच प्राण्यावर. एरवी किलोला रोज सुमारे 10 मिलिग्रॅम पुरतं, पण गाभण आणि पाजणाऱ्या मादीला सुमारे 30. ते कमी पडलं की जखमा भरत नाहीत, केस येत नाहीत आणि औषध देऊनही खरूज परत-परत उठते. हिरव्या ढोबळी मिरचीत 100 ग्रॅमला साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मादीला रोज चार-पाच फोडी पुरतात. पेरू त्याहून कितीतरी सरस, पण गोड असल्याने बोटाच्या पेराएवढीच फोड. आपला जिल्हा केळ्यांचा, घरात केळं कायम असतं आणि गिनिपिगला ते आवडतंही फार. मात्र त्यात ‘क’ जीवनसत्त्व नावापुरतं आणि साखर भरपूर, तेव्हा आठवड्यातून एखादी चकती, त्यापेक्षा जास्त नको. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळीची पूड पिण्याच्या पाण्यात टाकू नका. पाण्यात ते लवकर नासतं आणि चव बदलली म्हणून मादी पाणी पिणंच कमी करते, मग दूध आटतं.

पिंजरा पहिल्या डोसाच्या दिवशीच साफ करायचा. खालचं सगळं अंथरूण पिशवीत बांधून बाहेर, लाकडी घरं आणि फळ्या काढून टाकलेल्या बऱ्या, ट्रे आणि जाळ्या कढत पाण्याने धुऊन कडक उन्हात. बुऱ्हाणपूरचं ऊन इथे उपयोगाला येतं. प्रत्येक डोसाच्या दिवशी हे पुन्हा. अंथरुणाला यंत्रमागावरच्या सुताचा गुंता वापरू नका. तो मऊ असतो आणि फुकट मिळतो, पण त्याचे धागे पिल्लांच्या पायांना वेटोळे घालतात आणि आवळत जाऊन पाय काळा पडतो. धुता येणारं जाड फ्लीसचं कापड किंवा वाळलेलं गवत बरं. गवताला ओलीचा वास येत असेल तर टाकून द्या, विशेषतः पावसाळ्यात.

नराचा विचार हमखास राहून जातो. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर जवळ असेल तर खरजेशी झुंजणारी, पिल्लांना पाजणारी मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण. म्हणून तो आधीच वेगळा काढलेला असावा. पण वेगळा काढला म्हणून उपचारातून वगळू नका. तो खाजवत नसला तरी त्याच दिवशी त्यालाही डोस, त्याचाही पिंजरा साफ. नाहीतर महिन्याभराने तो परत आत आला की खरूज त्याच्याबरोबर परत येते. हाच नियम घरातल्या प्रत्येक गिनिपिगला लागू.

डॉक्टर कुठे शोधायचे? जिल्ह्याच्या पशुचिकित्सालयाचा आणि 1962 क्रमांकावरच्या फिरत्या पथकाचा मुख्य भर गाई-म्हशी-बकऱ्यांवर असतो. तरी आधी तिथे विचारा, सूक्ष्मदर्शकाखाली खरवड बघून देण्याइतकी मदत मिळाली तरी पुष्कळ. लहान प्राण्यांची सवय असलेले डॉक्टर हवे असतील तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे. जाण्याआधी फोनवर विचारून घ्या आणि वजनांची वही, जागच्या जागी काढलेले फोटो आणि झटक्याचा व्हिडिओ बरोबर ठेवा. उन्हाळ्यात दुपारचा प्रवास करू नका. या जनावराला 18 ते 24 अंश मानवतं, 30च्या वर ते धापा टाकायला लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 40च्या पुढे असतो. पहाटे निघा. आई आणि पिल्लं एकाच हवेशीर खोक्यात न्या, पाण्याऐवजी काकडीच्या फोडी ठेवा. घरीही पिंजरा पत्र्याखालच्या खोलीत नको. कूलर लावलात तर हवा थेट पिंजऱ्यावर नको आणि खिडकी उघडी हवी. कोंडलेल्या दमट हवेत नायटा फोफावतो.

मुलांना या दिवसांत गिनिपिग मांडीवर घेऊ देऊ नका. हा माइट माणसाच्या अंगावर घर करून राहत नाही, पण हातांवर, पोटावर खाजणारे लाल पुरळ उठवतो. जनावर बरं झालं की तेही जातं. त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलात तर घरात खरूज झालेलं गिनिपिग आहे हे आपणहून सांगा, त्यांना विचारायचं सुचेलच असं नाही. पिंजरा साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत.

पहिल्या डोसानंतर दोन-चार दिवस खाज थोडी वाढलेली वाटू शकते, घाबरू नका. पण मादी लटपटली, लाळ गळली किंवा तिने खाणं सोडलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. आठवड्याभरात खपल्या सुटायला लागतात, नवे केस यायला काही आठवडे लागतात. तोवर वजनाची वही चालू ठेवा, कारण दुसऱ्या डोसाच्या दिवशी पिल्लांचं वजन पहिल्यापेक्षा बरंच वाढलेलं असेल आणि मात्रा नव्या वजनावर काढायची आहे. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करा. त्या वयात ती माद्यांना गाभण करू शकतात. उपचार अजून संपले नसतील तर वेगळ्या पिंजऱ्यात गेलेल्या त्या नरांचा पुढचा डोसही त्याच तारखेला द्या.